चार बोटं शेपूट

१२ जानेवारी २०२५, रविवार

या वहीचं नाव 'साहित्य तपासणी नोंदवही'. गावच्या बचाव गटाला तालुक्याहून दोरांची पेटी मिळाली, तिच्यासोबत ही आली. तारीख, साहित्य, स्थिती, सही असे चार रकाने छापलेले आहेत. पेटी माझ्या घरी राहणार म्हणून वहीही माझ्याकडे. पांढरे नायलॉनचे दोर दोन, चपटे लाल पट्टे चार, लोखंडी कड्या सहा, हेल्मेट तीन. एवढं लिहून झालं अन पानं उरली दीडशे. कोरी ठेवण्यापेक्षा मी त्यात माझंच लिहितो. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर असायचा, हे खैरबोडीत आता कोणाला आठवत नाही.

मी श्रावण रामटेके, ग्रामपंचायतीचा पाणीवाला. मोटर चालू-बंद करणं, टाकी धुणं, विहिरी उपसणं ही माझी कामं. विहिरीत काही पडलं की लोक मला अन लटारूला बोलावतात. लटारू नान्हे हा माझा पहिलीपासूनचा दोस्त. ढिवर आहे, बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, जाळं टाकतो, अंगाने काटक. म्हणून तो खाली उतरतो अन मी काठावर दोर सांभाळतो. बादल्या, मोटरी, बकऱ्या, एकदा तर अस्वलाचं पिल्लू काढलं. तीस वर्षांत लटारूला ओरखडा नाही. सगळं माझ्या बापाच्या गाठीवर. बाप अंबाडीचे दोर वळायचा. त्याने शिकवलेली जोडगाठ म्हणजे एकदा उजवा पदर वरून, एकदा डावा वरून, अन ओढा. बैल ओढून दमेल पण ती सुटणार नाही.

काल-आज ग्रामपंचायतीत प्रशिक्षण होतं. चंद्रपूरचा पोरगेला प्रशिक्षक. म्हणे, दोराची गाठ वेगळी, पट्ट्याची गाठ वेगळी. मला पुढे बोलावून म्हणाला, काका, या पट्ट्याची दोन टोकं जोडून दाखवा. मी बापाची गाठ मारली. तो काही बोलायच्या आत लटारू उठला अन पन्नास माणसांसमोर म्हणाला, "श्रावण, हे सुटन ना गा! पट्टा गुळगुळीत आहे. अंबाडीसारखा चावत नाई थो." गाठीबाहेर उरलेलं एक टोक, म्हणजे शेपूट, धरून त्याने झटका दिला अन माझी गाठ सरळ होऊन घसरली. सगळे हसले. माझी साक्षी, माझी स्वतःची पोरगी, तीही हसली.

मी जेवायला थांबलो नाही.

२० जानेवारी

आठ दिवस लटारूशी बोललो नाही. तो तीनदा आला. पहिल्यांदा मी न्हाणीत आहे म्हणून सांगायला लावलं. दुसऱ्यांदा मासोळ्या ठेवून गेला. माझ्या बायकोने, मनकर्णाने, रांधल्या, मी भाजीला हात लावला नाही. मनकर्णा म्हणते, "एवढा कायले फुगता जी? खरंच तं बोल्ला थो." बायकांना दोस्तीतलं काही समजत नाही. खरं-खोटं हा प्रश्नच नव्हता. मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

आज तो ओसरीवर येऊन बसला तो उठेचना. तोंड उतरलं होतं. म्हणाला, "मी चुकलो बापा. आता नाई बोलत लोकाईसमोर. पण तू असा मुका नोको राहू. मले जेवण जात नाई." मी लगेच चहा टाकायला सांगितला. समोरच्याने चूक कबूल केली की मी मनात काही ठेवत नाही, हा माझा स्वभाव आहे.

२ फेब्रुवारी

साक्षी नागभीडला कॉलेजात शिकते, शनिवार-रविवार घरी येते. तिने प्रशिक्षणातली ती पट्ट्याची गाठ आईला शिकवली. पट्ट्याच्या एका टोकाला सैल गाठ मारायची. दुसरं टोक समोरून आणून, आलेल्या वाटेनेच उलट फिरवत न्यायचं, पट्ट्यावर पट्टा चपटा बसला पाहिजे, पीळ नको. दोन्हीकडे शेपूट चार बोटं सोडायचं. मग अंगाचं वजन टाकून आवळायची. मनकर्णाला दुसऱ्या खेपेला जमली अन ती मोठी पास झाल्यासारखी मिरवत होती.

"बाबा, तुमी बी शिका ना. दोन मिंटाचं काम आहे."

मी म्हणालो, पोरीची गाठ पोरींनी बांधावी. तिने पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला. मला येत नाही असं नाही. मी तिरप्या नजरेने पाहून घेतली आहे. पण या वयात पोरीसमोर पट्टा घेऊन बसायचं म्हणजे प्रशिक्षणात जे झालं ते मान्य केल्यासारखं होतं.

११ मार्च, मंगळवार

परवाचं आज लिहितो आहे.

रविवारी सकाळी जंगलाकडच्या शेताच्या धुऱ्याजवळच्या विहिरीत वासरू पडलं. त्या विहिरीला कठडा नाही. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी हंबरणं ऐकलं. लटारू अन मी पेटी घेऊन गेलो. साक्षी नागभीडला होती, परीक्षा होती तिची. वीसेक माणसं काठावर जमली.

दोराच्या टोकाची गाठ साक्षीने आधीच मारून ठेवली होती, तिला कडी लावली. लटारूच्या मांड्यांखालून अन कमरेमागून लाल पट्टा घेऊन त्याची दोन टोकं मी जोडली. घाई होती. वासरू हंबरत होतं, लोक ओरडत होते. जी गाठ हाताला येते ती बांधली अन पट्ट्यात दोराची कडी अडकवली.

लटारूने खाली मान घालून गाठीकडे पाहिलं. शेपटावरून अंगठा फिरवला. मग वर माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. थोडा हसला अन म्हणाला, "चाल, उतरव." तीस वर्षांचा भरवसा होता तो. दुसरा कोणी असता तर दहा शंका काढल्या असत्या.

वासरू आधी वर आलं. दुसऱ्या दोराने ओढलं, जिवंत होतं. सगळे त्याच्याकडे धावले. मग आम्ही पाच-सहा जण लटारूला ओढायला लागलो. दोर झटक्या-झटक्याने वर येत होता. त्याचं हेल्मेट दिसत होतं, काठापासून दोन हात खाली असेल. अन दोर एकदम हलका झाला. आम्ही सगळे मागे उताणे पडलो.

आवाज मी ऐकला. खाली गुडघाभर पाणी अन खडक.

दोर वर ओढला तर कडीला पट्टा लोंबत होता, सरळ, एक पदर. कुठे फाटलेला नाही, तुटलेला नाही.

सिंदेवाहीला नेलं, तिथून चंद्रपूर, तिथून नागपूर. ठमाबाई, लटारूची बायको, मोहाची टोपली हातात घेऊनच गाडीत बसली होती. टोपली खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

१३ मार्च

पाठीचा मणका. पाय गेले. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाहीत.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडलो. आत गेलो नाही.

२२ मार्च

तालुक्याहून साहेब चौकशीला आले. ग्रामपंचायतीत बसले, पट्टा मागितला. हातभर-हातभर करून सगळा उजेडात पाहिला. म्हणाले, पट्टा शाबूत आहे, म्हणजे गाठ सुटली. गाठ कोणी बांधली होती?

मी तोंड उघडणारच होतो, खरंच उघडणार होतो, तेवढ्यात त्यांनी फाइलमधून कागद काढला. नागपूरला जाऊन लटारूचा जबाब आधीच घेतला होता. वाचून दाखवला: गाठ मी स्वतः बांधली होती. श्रावण रामटेके यांचा काही दोष नाही.

काठावरच्या वीस माणसांपैकी कोणी काही बोललं नाही. सगळ्यांचं लक्ष तेव्हा वासराकडे होतं. एक जण म्हणाला, वासराले बांधताना त्यानं खाली पट्टा सोडला असन अन मंग पुन्हा बांधला असन. साहेबांनी मान हलवली. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी केली.

घरी येताना विचार केला. तसंच झालं असेल. वासराच्या पोटाखालून दोर घालायचा म्हणजे कमरेचा पट्टा आड येतो. सोडला असेल. पुन्हा बांधताना घाई केली असेल. नाही तर तो असं का सांगेल? लटारू खोटं बोलणारा माणूस नाही.

३० मार्च, रविवार

धानाचं भरलं पोतं आंब्याच्या फांदीला टांगलं. त्याच रंगाचा दुसरा पट्टा, जोड माझ्या बापाच्या गाठीने. सकाळपासून लटकत आहे. आता दुपारचे चार. बोटभरही सरकली नाही.

किती दिवसांनी पोटभर जेवलो. माझी गाठ धरते. म्हणजे लटारूने खाली दुसरीच काहीतरी बांधली. वाईट वाटतं त्याच्यासाठी, पण मन हलकं झालं.

साक्षी आंब्याखाली येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ पोत्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, पोतं हलत नाई. माणूस हलते." मी तिला म्हणालो, तुझ्या परीक्षेचं बघ. ती आत गेली. थोड्या वेळाने मनकर्णा बाहेर आली, तीही पोत्याकडे पाहून आत गेली. या घरात सगळ्यांना काय झालं आहे कळत नाही.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी विहारासमोरच्या खांबाला निळा झेंडा मी बांधतो. मांडवाच्या दोऱ्याही माझ्याच हातच्या. या वेळी सकाळी पोरं बोलवायला आली, म्हणाली, श्रावणभाऊ, चला, झेंडा चढवाचा आहे. मी ताप आहे म्हणालो.

खिडकीतून दिसत होतं. कोणीतरी दुसऱ्याने बांधला. वाऱ्यावर छान फडफडत होता. गाठ कशी मारली असेल एवढंच मी दिवसभर मनात घोळवत बसलो. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा साक्षी अन मनकर्णा नव्या निळ्या साड्यांत होत्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी आत सरकलो.

१९ एप्रिल, शनिवार

आज मनकर्णा सिंदेवाहीच्या बाजाराला गेली होती. साक्षी तिच्यासोबत. घरी कोणी नव्हतं.

पट्टा मांड्यांखालून घेतला, कमरेमागून घेतला, बापाची गाठ मारली. आंब्याच्या फांदीला कडी लावून त्यात बसलो, जमिनीपासून दोन हात वर. बसल्या-बसल्या काही झालं नाही. मग हललो. लटारूला आम्ही ओढत होतो तसे झटके दिले. एक, दोन, तीन. शेपूट माझ्या डोळ्यांसमोर आत जात होतं. गोगलगाय शंखात जाते तसं. चौथा, पाचवा. सातव्याला मी खाली होतो.

माकडहाड ठणकतं आहे. दोन हातांवरून पडलो तर एवढं लागलं.

पुन्हा बांधली. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदाही. मग साक्षीची गाठ बांधली, फेब्रुवारीत तिरप्या नजरेने पाहिलेली. पट्टा तोच. शेपूट चार बोटं मोजून. पन्नास झटके दिले. शंभर दिले. फांदी करकरली, आंबे गळून पडले, पण गाठ जागची हलली नाही. उलट आणखी आवळत गेली. मी त्या झोपाळ्यात बसून राहिलो अन मोठ्याने रडलो. एक गाय कुंपणापाशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

अजून एकच आशा उरली आहे. त्याने खाली पट्टा सोडला असेल, अन पुन्हा त्यानेच बांधला असेल. ही आशा किती घाणेरडी आहे ते मला कळतं. तरी मी ती धरून बसलो आहे.

२७ एप्रिल

लटारूला घरी आणलं. ओसरीवर खाट टाकली आहे. छाती तीच, दंड तेच, जाळं फेकणारे. कमरेखाली चादर सपाट.

मी गेलो तेव्हा ठमाबाई त्याचं अंग पुसत होती अन तोंडाने चालूच होतं. "जनमभर जाळे विणले म्हणे! बोटभर पट्टा नाई बांधता आला तुमाले सोताचा. अक्कल कुठी गेली होती? आता कोन करन हे? मी तेंदूले जाऊ का तुमाले हागवू-मुतवू?" बोलता-बोलता तिचा आवाज फाटला. लटारू छताकडे पाहत होता. "हव," म्हणाला. "मायीच चूक झाली."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दोन शब्द होते. गाठ माझी. ते तोंडातून निघाले नाहीत. मी ठमाबाईच्या हातातली बादली घेतली अन पाणी बदलून आणलं.

६ मे

आता रोज जातो, दिवसातून चारदा. डॉक्टरांनी सांगितलं आहे, दोन-दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतील. ठमाबाईच्याने एकटीने होत नाही. मुलं-बाळं नाहीत. ती पहाटे तेंदूपानं तोडायला जाते, ऊन चढलं की येते, तोवर मी असतो. लटारूला वळवतो, पाठीला तेल लावतो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो, बोडीतल्या माशांचं बोलतो. विहिरीचं कधीच नाही.

गावात लोक म्हणतात, दोस्त असावा तर श्रावणसारखा. परवा चावडीवर कोणीतरी ऐकवलं. मी मान खाली घालून तिथून निघालो.

उद्या सांगतो ठमाबाईला. कालही हेच लिहिणार होतो.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन म्हणतो तिथे, माझा आवाज बंद पडला. बाजूच्या माणसाला वाटलं ठसका लागला.

तिथून सरळ लटारूकडे गेलो. ठमाबाई तेंदूवर होती. मी काही बोलायच्या आतच लटारू म्हणाला, "श्रावण, त्या आड्याले पट्टा टांगून दे ना. खाली लोंबता. हातानं धरून सोता वळता येईन मले. तुले सारखं-सारखं यावं नाई लागन."

मी घरून लाल पट्टा आणला. स्टुलावर चढलो. छपराच्या आड्यावरून पट्टा टाकला, दोन्ही टोकं हातात घेतली. हात चालेनात.

खाटेवरून तो म्हणाला, "पोरीवाली बांध. तुयावाली नोको."

मी स्टुलावर तसाच उभा. खाली पाहायची हिंमत होईना. विचारलं, "खाली तू पट्टा सोडला होता ना गा? वासराच्या टायमाले?"

"नाई. आंगातच होता."

"मंग तुले..."

"तवाच दिसली मले. बांधली तवाच. बोटभर शेपूट होतं."

"मंग काऊन बसला बापा? काऊन नाई बोल्ला?"

माशी त्याच्या पायावर बसली होती, त्याला कळत नव्हतं. मग म्हणाला, "वीस जण उभे होते ना तिथी. मांगच्या टायमाले बोल्लो तं तू आठ दिवस बोल्ला नाई माह्यासंग. म्हटलं, जाऊ दे. दरवेळी निभते, आज बी निभन."

मी स्टुलावरून उतरलो अन त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला तेही कळलं नसेल.

तो म्हणाला, "ठमीले नोको सांगू. तिले राग काढाले मी आहो. तुयावर आली तं ती तुले दारात उभा नाई करन. मंग मले कोन वळवन?"

गाठ मी बांधली. साक्षीची. वाटेने वाट, पीळ नाही, शेपूट दोन्हीकडे चार बोटं. पट्ट्याला लोंबकळून माझं सगळं वजन टाकून आवळली. मग लटारूने धरून स्वतःला वळवलं. कूस बदलली तसा तो हसला.

१५ मे

तीन दिवस जेवलो नाही. तोंडात घास फिरत राहतो.

लटारूचं म्हणणं खरं आहे, सांगून कोणाचं भलं होणार नाही. पण आज ऊन चढल्यावर ठमाबाई पानांचा भारा टाकून ओसरीवर बसली, अन बसल्या-बसल्या पुन्हा सुरू झाली. "सोताच्या हातानं सोताचं वाटोळं केलं या माणसानं." लटारू म्हणाला, "हव." रोजच्यासारखा.

त्या 'हव'ने माझं काय झालं सांगता येत नाही. मी म्हणालो, "वहिनी, गाठ मी बांधली होती. लटारूनं नाई. जबाब खोटा आहे. मी त्याच्यावर सही केली."

"श्रावण!" लटारू ओरडला.

ठमाबाई माझ्याकडे पाहत राहिली. शिवी नाही, रडणं नाही. दोन महिने ज्या माणसाला ती घालून-पाडून बोलत होती त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं, अन तोंडावर पदर घेतला. मग उठली, स्टूल ओढलं, चढली अन आड्यावरच्या पट्ट्याची गाठ सोडायला लागली.

"ठमे, राहू दे. तो पट्टा माह्या कामाचा आहे," लटारू म्हणत होता.

ती ऐकत नव्हती. नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना. मी बांधलेली, वजन टाकून आवळलेली. तिला धाप लागली, पण गाठ जागची हलेना. मी पुढे झालो तर म्हणाली, "हात नोको लावू." शेवटी तिने कुडाला खोचलेला विळा काढला अन पट्टा कापला. तो माझ्या पायांपाशी टाकला.

"घेऊन जा. अन या दारात पाय नोको ठेवू."

२६ मे

अकरा दिवस झाले. लटारूच्या दारावरून जावं लागतं, टाकीकडे जायचा रस्ता तोच आहे. ओसरीला आता साडीचा आडोसा बांधला आहे. आत खाट दिसत नाही.

मी तालुक्याला जाऊन साहेबांना खरं सांगितलं. लेखी दिलं. ते म्हणाले, प्रकरण बंद झालं आहे, पण ठेवून जा कागद. गावालाही सांगितलं. आता माझ्याशी कोणी बोलत नाही. लटारूने त्या आठ दिवसांत काय सोसलं ते मला आता कळतं.

साक्षी काल गेली होती त्यांच्याकडे. तिला आत घेतात. आल्यावर ओट्यावर पाय सोडून बसली. मग म्हणाली, काकांच्या पाठीला जखम झाली आहे, हाताच्या पंजाएवढी. काकूंच्याने एकटीने वळवणं होत नाही. नवा पट्टा बांधून देते म्हटलं तर काकू म्हणाल्या, त्या पेटीतलं काही या घरात येणार नाही.

"काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, बाबाले सांग, गाठ चांगली बांधली होती म्हणा."

आज पहिल्यांदा ही वही जशी भरायला हवी तशी भरतो. दोन नोंदी.

तारीख: ९ मार्च. साहित्य: लाल पट्टा, एक. स्थिती: शाबूत. गाठ सुटली. बांधणारा मी. सही: श्रावण रामटेके.

तारीख: १५ मे. साहित्य: लाल पट्टा, एक. स्थिती: विळ्याने कापलेला. गाठ तशीच आहे, शेपूट दोन्हीकडे चार बोटं. बांधणारा मी. सही: श्रावण रामटेके.